पीसीओडीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्या मुलींविषयी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ठाण्यात नौपाड्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून गेली एकवीस वर्षे मी त्याच काउंटरमागे उभी आहे. गेल्या महिन्यात एका सोमवारी, दुकान उघडून जेमतेम अर्धा तास झाला असेल, चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आली आणि तिने पर्समधून मेटफॉर्मिनच्या चार पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. तीन पट्ट्यांना हातही लागलेला नव्हता आणि चौथीतल्या फक्त चार गोळ्या गेल्या होत्या. "काकू, या परत घेता का? मला आता लागणार नाहीत," असे म्हणून तिने मोबाइलवर काढलेला एक फोटो दाखवला. तो आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील जाहिरातीचा होता. 'पीसीओडी मुळापासून बरा, नव्वद दिवसांत पाळी नियमित, इंग्रजी गोळ्यांची गरज नाही' असा ठळक मजकूर, त्याखाली एका चूर्णाच्या डब्याचे चित्र आणि फोन क्रमांक. पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज, बीजांडकोशाशी (ओव्हरीशी) निगडित संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) विकार. तिने साडेतीन हजार रुपये भरूनही टाकले होते. हे पत्र त्या जाहिरातीमुळे लिहीत आहे, परंतु जाहिरातीपर्यंत ती मुलगी का पोहोचली हे आधी सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पूर्ण होणार नाही.

पट्ट्या मी परत घेतल्या नाहीत, तिला बसायला स्टूल दिले. बोलता बोलता कळले की ती ठाणे-वाशी गाडीने रोज ऐरोलीला कामाला जाते, वर्षभर तिची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येत होती, हनुवटीवर केस वाढत होते, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी तपासण्या करून योग्य तेच औषध लिहून दिले होते. पण ते कशासाठी आहे, पहिल्या आठवड्यात काय होऊ शकते, किती महिने घ्यायचे, यातले काहीही तिला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या चार दिवसांत मळमळ आणि जुलाब झाले. त्यातच आजीने पट्टीबरोबरचा कागद वाचला, त्यावर मधुमेह हा शब्द दिसला आणि घरात हलकल्लोळ झाला. "एवढ्या लहान वयात शुगरच्या गोळ्या सुरू केल्या तर पुढे इंजेक्शनच घ्यावे लागेल," असे आत्याने फोनवरून सांगितले. पाचव्या दिवशी गोळी बंद झाली. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते.

संपादक महोदय, अशा मुली मला महिन्यातून पाच-सहा तरी भेटतात. आणि दुकानात न येता घरच्या घरी औषध सोडणाऱ्या किती असतील, याचा अंदाज मला चिठ्ठ्यांवरून येतो : पहिल्या महिन्याचे औषध नेणारी मुलगी तिसऱ्या महिन्यात क्वचित परत येते. हा विकार दुर्मीळ नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी केली होती आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात निदानाच्या रॉटरडॅम या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार २२.५ टक्के मुलींमध्ये, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. कमी आकडा धरला तरी दहा मुलींमागे एक. ठाण्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या एका वर्गात सहा-सात जणी असणार.

नावापासूनच गोंधळाला सुरुवात होते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या बीजांडकोशांचे वर्णन केले, तेव्हापासून ही स्थिती वैद्यकशास्त्रात नोंदली गेली. सोनोग्राफीच्या अहवालात 'सिस्ट' हा शब्द वाचून बायकांना गाठ वाटते आणि गाठ म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. दर महिन्याला एक स्त्रीबीज पूर्ण वाढून बाहेर पडायला हवे, ते न होता अर्धवट वाढून थांबलेल्या, काही मिलिमीटरच्या त्या पिशव्या असतात. त्या कापून काढायच्या नसतात आणि कोणत्याही चूर्णाने 'विरघळवायच्या'ही नसतात, कारण त्या मूळ बिघाडाचा परिणाम आहेत.

मूळ बिघाड बहुतेक जणींमध्ये इन्सुलिनशी जोडलेला असतो. शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडत राहते. रक्तातील या वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजांडकोश पुरुषी संप्रेरके जास्त प्रमाणात तयार करतो आणि ती संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी बनवू लागते, त्यामुळे मोकळ्या फिरणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण दोन्ही बाजूंनी वाढते. हनुवटीवरचे केस, जबड्याच्या कडेने येणारे मुरुम, भांगापाशी विरळ होत जाणारे केस आणि लांबत जाणारी पाळी ही एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपे आहेत. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो, त्यामुळे 'खाऊन खाऊन झाले' हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निवाडा अन्यायाचा आहे. आणखी एक खूण मी काउंटरवरून रोज पाहते. मुलीची मान आणि काखा काळवंडलेल्या असतात, आई ती मान डाळीचे पीठ, लिंबू, कधी कधी भांडी घासायच्या काथ्याने घासून लाल करते आणि वर 'नीट अंघोळ करत नाही' म्हणून मुलीला रागावते. तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे तेथील त्वचा जाड आणि मखमली होते, घासण्याने ती आणखी काळी पडते. गोरेपणाची क्रीम मागायला आलेल्या कितीतरी आयांना मी क्रीम न देता रक्तशर्करा तपासायला सांगितले आहे.

आता मेटफॉर्मिनविषयी. ही गोळी १९५७ पासून वापरात आहे, तिची किंमत थोडी आहे आणि जनऔषधी केंद्रात ती त्याहूनही स्वस्त मिळते. पेशींना इन्सुलिनला दाद द्यायला लावणे आणि यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करणे हे तिचे काम. मधुमेह नसलेल्या मुलीने केवळ ही एकच गोळी घेतली म्हणून साखर एकदम खाली जाऊन चक्कर येत नाही, आणि ती घेतल्याने पुढे मधुमेह 'लागत'ही नाही. उलट या विकारात टाइप २ मधुमेहाचा जो धोका मुळातच जास्त असतो, तो आटोक्यात ठेवण्यासाठीच ती दिलेली असते. पोट बिघडते हे खरे आहे आणि ते आधी सांगायलाच हवे. बहुतेक डॉक्टर ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने मात्रा वाढवतात ती याच कारणासाठी. गोळी जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतली तर त्रास कमी होतो आणि बहुतेकींचा काही आठवड्यांत थांबतो. तो नाही थांबला तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, डॉक्टरांना विचारून ती बदलून घेता येते. ती गोळी मात्र चावायची किंवा कुटायची नसते. तिचे रिकामे कवच कधी कधी शौचातून जसेच्या तसे बाहेर पडते, ते पाहून 'औषध अंगी लागतच नाही' म्हणून घाबरलेली एक बाई मला आठवते. औषध आत उतरलेले असते, बाहेर येते ते फक्त टरफल. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असते, म्हणून ते मधून मधून तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचे काम तपासल्याशिवाय ही गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवू नये. एवढे सांगायला मला पाच मिनिटे लागतात, आणि ही पाच मिनिटे कोणाच्याच वाट्याला येत नाहीत, हे माझे दुखणे आहे.

दुसरे औषध म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट. येथे अडचण वेगळी आहे. चिठ्ठी वाचून मी पाकीट काढते, सोबत आलेली आई ते उलटेसुलटे करून पाहते आणि आवाज खाली करून विचारते, "अहो, ही तर ती गोळी ना? माझ्या मुलीचे लग्न व्हायचे आहे." मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहते. मागे चार गिऱ्हाईके उभी असतात. त्या क्षणी औषध कागदी पिशवीत जाण्याऐवजी फळीवर परत जाते. पाळी अनियमित असणे आणि पुरुषी संप्रेरकांची लक्षणे दिसणे या दोन्हींसाठी, ज्या स्त्रीला सध्या मूल नको आहे तिच्या बाबतीत, या गोळ्यांचा औषध म्हणून सर्वप्रथम विचार करावा असे २०२३ साली अद्ययावत झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. लग्नाशी त्यांचा काही संबंध नाही. संप्रेरके बांधणारे ते प्रथिन या गोळ्यांमुळे वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर वेळच्या वेळी बाहेर पडते. हे दुसरे काम फार महत्त्वाचे आहे. 'पाळी येत नाही, बरेच आहे, कटकट नाही' असे म्हणणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. नव्वद दिवसांहून अधिक काळ पाळी येत नसेल तर आतले अस्तर जाड होत राहते, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात तो धोका थोडा असला तरी शून्य नसतो.

या गोळ्या निर्धोक आहेत असे मी म्हणणार नाही. रक्तदाब वाढलेला असेल, धूम्रपान असेल, पायातील शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा दिसून मग अर्धशिशी सुरू होत असेल, तर हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण अशा स्त्रियांना त्या बहुधा देत नाहीत. केस कमी व्हावेत म्हणून ज्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते, त्यांना ते चालू असताना गर्भ राहू देऊ नये, हे अविवाहित मुलीला सांगायला पुष्कळदा कोणी धजावत नाही आणि ते न सांगणे धोक्याचे आहे. गोळ्या घेताना एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. परंतु 'या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही' ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. गोळ्या थांबवल्या की पाळी पुन्हा अनियमित होते, कारण विकार तेथेच असतो. चष्मा काढल्यावर अक्षरे पुन्हा पुसट दिसली तर चष्म्याने डोळे बिघडवले असे आपण म्हणत नाही. मूल हवे असेल तेव्हा बीज पक्व करणारी वेगळी औषधे आहेत, त्यात लेट्रोझोलला आज पहिली पसंती दिली जाते, आणि या विकाराच्या बहुसंख्य स्त्रियांना मुले होतात. केसांच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागतो, कारण केसाच्या वाढीचे चक्रच लांब असते. सहा महिन्यांच्या आत फरक पाहायचा नाही, हे पहिल्या दिवशीच सांगितले तर मुलगी दुसऱ्या महिन्यात निराश होऊन औषध सोडणार नाही. तोवर पार्लरमध्ये जाऊन दोऱ्याने केस काढण्यात काहीही गैर नाही, त्याने केस अधिक दाट येत नाहीत.

गौरी-गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या दुकानात एक वेगळीच गर्दी असते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला बायका येतात, सासवा सुनांसाठी नेतात, कोणी मुलाला चिठ्ठीवर नुसते नाव लिहून पाठवते. सुरुवातीच्या वर्षांत मीही त्या न विचारता दिल्या आहेत आणि याची मला खंत आहे. ज्या मुलीची पाळी मुळात अडीच महिन्यांनी येते, तिने दर सणाला स्वतःच्या मनाने या गोळ्या घेतल्या, तर डॉक्टरांसमोर जे पाळीचे वेळापत्रक जाते ते खरे राहत नाही आणि निदान लांबते. आता मी चिठ्ठीशिवाय त्या देत नाही. दोन-तीन घरांनी त्यामुळे माझ्याकडे येणे बंद केले आहे.

आहाराविषयी लिहिताना मला अधिक सावध राहावे लागते, कारण मी आहारतज्ज्ञ नाही. तरीही ज्या मुली वर्षभर टिकून राहिल्या त्यांच्याशी मी वर्षभर बोलले आहे. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झाले तरी पाळी आणि रक्तशर्करा दोन्हींत फरक पडू शकतो, म्हणजे ७२ किलोच्या मुलीने साडेतीन ते सात किलो. वीस किलोचे स्वप्न दाखवणारे बहुतेक जण काहीतरी विकत असतात. विशिष्ट एक आहारच या विकारावर सर्वांत चांगला, असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि ही माहिती मला फार दिलासा देणारी वाटते, कारण तिचा अर्थ असा की आपल्या स्वयंपाकघरात ज्याची सोय आहे त्यातूनच मार्ग निघू शकतो. गहू सोडा, दूध सोडा, फळे सोडा, असे सरसकट सांगण्याला आधार नाही. त्यासाठी बाराशे रुपये किलोचे परदेशी बियाणे लागत नाही, मटकीला मोड आणायला पंचा पुरतो.

त्या ऐरोलीच्या मुलीला मी तिचा दिवस विचारला. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, गाडीत काही नाही, कार्यालयात अकरा वाजता वडापाव, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा-खारी, रात्री साडेदहाला वरणभात आणि मग मोबाइल पाहत दीड वाजेपर्यंत जागरण. यात ती खादाडपणा कुठेच करत नव्हती. परंतु दिवसभरात पिष्ट पदार्थांवर पिष्ट पदार्थ, प्रथिने जवळजवळ नाहीत आणि भाजीत भाजी म्हणावी असे काही नाही. आम्ही दोघींनी मिळून कागदावर जे लिहिले ते अगदी साधे होते. सकाळी घरून निघण्यापूर्वी दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे. डब्यात पोळ्या दोनच, किंवा एक ज्वारीची भाकरी, आणि त्याबरोबर मटकी, चवळी किंवा मुगाची वाटीभर उसळ, एखादी पालेभाजी. बटाट्याची भाजी आठवड्यातून एकदा. ताक जवळ. संध्याकाळी खारीऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. ती मासे खाणाऱ्या घरची आहे, म्हणून बांगडा किंवा पेडवे रात्रीच्या जेवणात, भात असेल तर पोळी नाही आणि जेवण शक्यतो नऊच्या आत. ते दररोज जमणार नाही हे तिनेच सांगितले आणि मीही मान्य केले, कारण घणसोली-ऐरोलीत काम करणाऱ्या मुलींची सुटण्याची वेळ त्यांच्या हातात नसते.

उपवासाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र मिळून वर्षातले कितीतरी दिवस आपल्या मुली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि साखर घातलेली केळी खाऊन काढतात आणि तो दिवस कमी खाण्याचा समजतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास सोडा असे मी कोणाला सांगत नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी, काकडी हेही उपवासालाच चालते, एवढे आठवण करून देते. उपाशी राहून दुसऱ्या दिवशी दुप्पट खाणे या विकारात विशेष नुकसान करते.

आणि चालणे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम लागेल असे चालावे, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस आहे. वजनाचा काटा हलला नाही तरी व्यायामाने इन्सुलिनची दाद सुधारते. उपवनला, तलावपाळीला पहाटे चालणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेलेच जास्त दिसतात, वीस-पंचवीस वर्षांच्या मुली फार थोड्या, आणि त्याला मुलींचा आळस कारण आहे असे मला वाटत नाही. ज्या घरात सकाळचे दोन डबे मुलीनेच भरायचे असतात आणि अंधार पडल्यावर तिने बाहेर जायचे नसते, त्या घरात तिने कधी चालावे?

माझ्या भाचीची हकीकत सांगून मुख्य मुद्द्यावर येते. ती पंधरा वर्षांची असताना, पाळी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली असताना, पाळी चाळीस-बेचाळीस दिवसांनी येते म्हणून तिला एका ठिकाणी नेले. तेथे सोनोग्राफी झाली, अहवालावर पीसीओडी लिहिले गेले आणि 'हा जन्मभराचा आजार आहे, वजन कमी कर' एवढे सांगून तिला घरी पाठवले. तिने रात्रीचे जेवण सोडले. चार महिन्यांत ती आठ किलो उतरली, चिडचिडी झाली, शाळेत चक्कर येऊन पडली, आणि पाळी पूर्ण थांबली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर स्वाभाविक धरले जाते आणि त्या वयात बीजांडकोश तसेच दिसू शकतात. म्हणूनच पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. भाची आता महाविद्यालयात आहे आणि तिची पाळी नियमित आहे, पण ताटासमोर बसताना ती अजूनही पोळ्या मोजते. निदान न होणे जसे वाईट तसे घाईने होणेही वाईट. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके तपासल्याशिवाय, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे पाहिल्याशिवाय, केवळ एका चित्रावरून हा शिक्का मारू नये. आणि निदान झालेच तर मुलीची मनःस्थितीही विचारावी, कारण या विकारात नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात. ते विचारणारे आपल्याकडे कोणी नसते.

आता त्या जाहिरातीकडे वळते. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात ज्या प्रकारच्या औषधी जाहिरातींना मनाई केली आहे, त्यात स्त्रियांच्या पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा स्पष्ट शब्दांत नमूद आहे, आणि सोबतच्या अनुसूचीत मधुमेह, स्थूलता आणि स्त्रियांचे वंध्यत्व यांचाही समावेश आहे. ही मनाई केवळ औषध बनवणाऱ्यापुरती नाही, अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ती लागू होते. त्यात चूर्ण, काढा आणि गोळी असा भेद नाही. आयुर्वेदाविषयी माझा आकस नाही, माझ्या दुकानात आयुर्वेदिक औषधांची स्वतंत्र मांडणी आहे आणि वैद्यांच्या चिठ्ठ्या मी आदराने वाचते. कोणताही जाणता वैद्य नाडी न पाहता, पाळीची माहिती न घेता, फोनवरून नव्वद दिवसांची हमी देणार नाही.

या जाहिरातीने त्या मुलीचे साडेतीन हजार रुपये गेले, त्याहून मोठे नुकसान म्हणजे घाबरून थांबवलेली गोळी तिने कायमची सोडायचे ठरवले. गेली कित्येक वर्षे मी पाहते आहे की औषध आणि आहार यांना एकमेकांसमोर उभे करूनच हा सारा व्यापार चालतो. 'गोळ्यांशिवाय' हा शब्द मोठ्या अक्षरात छापला की औषधाला घाबरलेली आई त्याकडे वळते. प्रत्यक्षात अस्तर वेळेवर बाहेर काढण्याचे काम भाकरी-उसळीने होईलच असे नाही, आणि रोज संध्याकाळी खारी खात राहिल्यास मेटफॉर्मिनची गोळी एकटी फार काही करू शकत नाही.

म्हणून आपणास माझी विनंती आहे. आपल्या जाहिरात विभागाने या कायद्याचे तिसरे कलम आणि अनुसूची समोर ठेवून रविवारच्या पुरवणीतील मजकूर एकदा तपासावा आणि अशा जाहिराती स्वीकारणे बंद करावे. त्यांतून येणारे उत्पन्न किती आहे याची मला कल्पना नाही, पण ते सोडणे आपल्यासाठी सोपे नसेल हे मी समजू शकते. त्याच पानावर महिन्यातून एकदा शासकीय किंवा महापालिका रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची प्रश्नोत्तरे द्यावीत, प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे नाव न छापता.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडेही आपल्या स्तंभातून एक मागणी पोहोचवावी. प्रभागांतील आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांसाठी जसा तपासणीचा वार ठरलेला असतो, तसा आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी सातनंतर, पाळीच्या तक्रारींसाठी ठेवावा. रक्तदाब, वजन, कमरेचा घेर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेली साखर तपासणी यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टींना खर्च जवळजवळ नाही आणि चौथी एका सकाळी बोलावून करता येते. निदानाच्या वेळी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी ही साखर तपासणी व्हायला हवी, मुलगी कितीही सडपातळ असली तरी. संध्याकाळची वेळ मी मुद्दाम लिहिली आहे, कारण ज्यांना या सेवेची गरज आहे त्या सकाळी दहा वाजता गाडीत किंवा कामावर असतात.

त्या मुलीने पट्ट्या परत पर्समध्ये ठेवल्या. डॉक्टरांना फोन करून तिने अर्ध्या मात्रेपासून पुन्हा सुरुवात करण्याची परवानगी घेतली, तो फोन तिने माझ्यासमोरच केला. चूर्णाचे पैसे परत मागितले आहेत, ते अजून मिळालेले नाहीत. मागच्या शनिवारी ती दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आली होती आणि सोबत आजीला घेऊन आली होती. आजींना त्या कागदावरचा मधुमेह हा शब्द मला पुन्हा दाखवायचा होता, आणि या वेळी त्यांनी स्वतःहून स्टूल ओढून घेतले.

कळावे,

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)